गट्टूची शाबासकी

ग्वाल्हेर, ११ ऑगस्ट २०२४

आत्यासाहेब,

गरिमाचा मुजरा. किरकोळ गोष्टी फोनवर आणि कामाच्या गोष्टी कागदावर, हा तुमचा नियम लक्षात आहे. म्हणून हे पत्र. याच पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे, ती हेमेंद्रदादांना संगणकाला लावून द्यायला सांगा.

गट्टू अखेर उभा राहिला. हातभर उंच बाहुला, पोटाला मऊ कापड, मांडीवर घेता येतो. पोट दाबलं की विचारतो, “आज का दिन कैसा रहा?” मूल मिनिटभर बोलतं, गट्टू ऐकतो आणि ठरवतो की हे मूल बरं आहे की नाही. बरं असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा, आजच कोणीतरी जवळ घेऊन बसायला हवं असेल तर तांबडा. हा रंग मुलाला दिसत नाही, त्याची काळजी घेणाऱ्या माणसाच्या फोनवर जातो. मुलाला फक्त आवाज ऐकू येतो, आणि तो तुमचा आहे. गेल्या उन्हाळ्यात नाशिकला तुमच्याकडून जी वाक्यं वाचून घेतली होती, ती अशी कामाला आली. हिरव्याला “शाबाश बिटिया, ऐसे ही रहना.” पिवळ्याला “अच्छा, थोड़ा और बताओ.” तांबड्याला “चलो, किसी बड़े को बुलाते हैं.”

गट्टू शब्दांवर जात नाही, आवाजावर जातो. मुलं शब्दांत खोटं बोलतात, आवाजात नाही. यावर माझा सगळा डोलारा उभा आहे.

आता तुमचं काम. तीन शाळांमधून, पालकांची परवानगी घेऊन, मी मुलांचे अकराशे आवाज जमवलेत, दुपारी शाळेतून घरी आल्यावर भरलेले. प्रत्येकाला फक्त क्रमांक आहे, नाव नाही. कोणीतरी जाणत्या माणसाने एकेक आवाज ऐकून त्यापुढे हिरवा, पिवळा की तांबडा ते लिहायचं. तो जे लिहील तेच गट्टू शिकेल, त्यापलीकडे त्याला स्वतःची अक्कल नाही. माझ्या कॉलेजच्या मित्रांनी पन्नास आवाज ऐकले आणि कंटाळून समोसे खायला गेले. तुम्ही एकतीस वर्षं इथे तिसरीच्या वर्गावर होतात. तुमच्याहून जाणतं मी कोणाला शोधू?

पाटणकर बाजारातली खोली तशीच आहे. खालचा भांडीवाला दिवसभर पातेली आपटतो, त्यामुळे मी आवाजाचं सगळं काम त्याच्या दुपारच्या झोपेच्या वेळेत करते. आबासाहेब वीज मंडळातून निवृत्त झाले तरी सुटलेले नाहीत. रोज येऊन माझे तारांचे टाके तपासतात आणि सगळे कच्चे आहेत म्हणतात.

ज्यांना विचारणारं कोणी नाही त्यांना दिवसातून एकदा कोणीतरी विचारावं, एवढंच माझ्या मनात आहे.

तुमची,
गरिमा

•

नाशिक, ३० ऑगस्ट २०२४

गरिमाराजे, आशीर्वाद.

तुमच्या कामाला बसले आहे. हेमेंद्रने कानाला लावायचं ते मोठं यंत्र आणून दिलं. ते घालून मी दुपारी दोन ते चार बसते तर सून चहा आणून समोर नाचवते, कारण हाक ऐकू येत नाही. हेमेंद्र म्हणतो, आईसाहेब, विमान कुठवर आलं? दोघांनाही मी सांगितलं आहे की हे शाळेचं काम आहे, मस्करी नको.

वहीला तीन रकाने आखले. रोज तीस आवाज. दोन वह्या भरल्या, आणखी दोन लागतील. तुम्ही नियम काही सांगितले नाहीत, म्हणून मी माझे केले. रडकी ती तांबडी, कुरकुरी ती पिवळी, समजूतदार ती हिरवी. एकतीस वर्षं वर्गात हेच केलं, फक्त रंग नव्हते.

क्रमांक ११८ हा मुलगा भावाने सायकल घेतली म्हणून असा काही किंचाळला की मी यंत्र कानावरून काढून टाकलं. तांबडा. उलट क्रमांक ३४७. आठ-नऊ वर्षांची मुलगी असावी. “जी. सब ठीक है. खाना खा लिया. होमवर्क कर लिया. मम्मी सो रही हैं.” कुठे चढ नाही, उतार नाही. अशा मुली मी पाहिल्यात. वर्गात आहेत की नाहीत ते कळत नाही, पण वही उघडावी तर अक्षर मोत्यासारखं. हिरवा लिहिला आणि त्यापुढे आणखी एक बरोबरची खूण केली, तुमच्या पद्धतीत बसत नसली तरी. गुणी पोरांना शाबासकी द्यायची माझी सवय आता जायची नाही.

दादाला, तुमच्या आबासाहेबांना, म्हणावं, टाके पक्के होतील. तू आधी डोळे तपासून घे.

मंदाआत्या

•

ग्वाल्हेर, २४ नोव्हेंबर २०२४

आत्यासाहेब, मुजरा.

दिवाळीनंतर सहा गट्टू कामाला लागले. मुरारच्या पुढे एका ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह आहे, चोपन्न मुली. त्यांच्यावर एकच बाई, विजयाबाई. स्वयंपाकघरापासून तापाच्या गोळीपर्यंत सगळं त्याच बघतात. संध्याकाळी प्रार्थनेनंतर मुली रांगेत बसतात आणि एकेक जण गट्टू मांडीवर घेते. विजयाबाईंच्या फोनवर चोपन्न ठिपके येतात. त्या म्हणाल्या, “पहले तो मैं रात को लेटकर सोचती थी कि किससे पूछा, किससे नहीं. अब देख लेती हूँ.”

दुसऱ्याच आठवड्यात एक तांबडा आला. पाचवीतल्या एका मुलीचा चष्मा फुटला होता आणि ती मार बसेल म्हणून दहा दिवस तशीच चाचपडत होती. विजयाबाईंनी तिला जवळ घेतलं, शनिवारी नवा चष्मा आला. त्या दिवशी मी बाड्याच्या चौकातून घरापर्यंत चालत आले, रिक्षात बसवेना, एवढा आनंद झाला होता.

गट्टू म्हणजे मशीन, हे मुलींना चांगलं ठाऊक आहे. पण आवाजाला त्या दादी म्हणतात. “आज दादी ने शाबाश बोला.” म्हणजे तुम्हाला इथे चोपन्न नाती आहेत.

त्यातली निधी तुमची सर्वांत लाडकी व्हावी अशी आहे. तिसरीत, नऊ वर्षांची, शिवपुरीकडच्या गावातली. आई नाही. वडील गोविंद, मुंबईच्या रस्त्यावर ट्रक चालवतात आणि रविवारी जिथे असतील तिथून फोन करतात. ती रोज मुद्दाम रांगेत शेवटी बसते, म्हणजे तिच्यामुळे कोणाला थांबावं लागत नाही. पहिल्या दिवसापासून हिरवा. विजयाबाई म्हणतात, “इसकी तो कोई चिंता ही नहीं.” पालक आले की त्या निधीची हिरवी ओळ उघडून दाखवतात.

गरिमा

•

नाशिक, १२ जानेवारी २०२५

गरिमाराजे, आशीर्वाद.

तुमचं पत्र मी मार्गशीर्षातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाचून दाखवलं. दोघींनी दोनदा ऐकलं आणि एकीने विचारलं की असा गट्टू म्हाताऱ्यांसाठी निघतो का. मी सांगितलं, आमच्या तोंडून हिरवा निघायचाच नाही, मशीन जळेल.

सून मात्र म्हणाली, मग त्या विजयाबाई मुलींशी स्वतः बोलतात की नाही? मी म्हटलं, चोपन्न मुली आणि एक बाई, कष्ट जेवढे कमी तेवढे बरे. या हल्लीच्या मुलींना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

तिळाच्या वड्या पाठवते आहे. मोठा डबा सगळ्यांना. लहान डबा निधीचा, त्यावर नाव घातलं आहे. तिला सांगा की दादीने पाठवल्या. अशी एक जरी मुलगी वर्गात असली ना, बाईचा दिवस हलका जातो.

मंदाआत्या

•

ग्वाल्हेर, ६ मार्च २०२५

आत्यासाहेब, मुजरा.

तिळाच्या वड्या पोहोचल्या होत्या, कळवायचं राहून गेलं. क्षमा असावी.

वसतिगृहातले गट्टू मी परत आणले आहेत. थोडं दुरुस्तीचं काम आहे. त्यासाठी मला तुमच्या चारही वह्या हव्यात. जमल्यास लवकर पाठवाव्यात.

निधी आता तिथे नसते. बाकी ठीक.

गरिमा

•

नाशिक, १५ मार्च २०२५

गरिमाराजे,

वह्या आज रजिस्टर पोस्टाने टाकल्या. पण मी मास्तरीण होते. दुरुस्तीला पाना लागतो, पक्कड लागते. वही लागते ती कोणाची तरी चूक शोधायला.

दादाला फोन केला. तो म्हणाला, गरिमा जेवत नाही, आणि तिथेच त्याने फोन ठेवला. माझ्या भावाने साठ वर्षांत माझा फोन असा कधी ठेवला नव्हता.

निधी तिथे नसते म्हणजे काय? वडिलांनी घरी नेली का? आजारी आहे का? जे असेल ते लिहा. मी नाजूक नाही. आणि माझ्या हातून काही चुकलं असेल तर ते मला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे.

मंदाआत्या

•

ग्वाल्हेर, २ एप्रिल २०२५

आत्यासाहेब,

निधी गेली. पंचवीस फेब्रुवारीला.

मी हे पत्र सहा वेळा सुरू केलं. आता जसं झालं तसंच लिहिते.

बुधवारी, एकोणीस तारखेला, तिने गट्टूला सांगितलं, “आज पेट में थोड़ा दर्द है. बाक़ी सब ठीक है.” माझ्याकडे ते सगळं साठवलेलं आहे, मी ऐकलं आहे. आवाज नेहमीसारखा. गट्टूने शब्द बघितले नाहीत, मी त्याला ते बघायला शिकवलंच नव्हतं. हिरवा. आणि तुमच्या आवाजात, शाबाश बिटिया, ऐसे ही रहना.

गुरुवारी म्हणाली, “दर्द ज़्यादा है. रात को नींद नहीं आई. पर मैंने किसी को जगाया नहीं.” हिरवा. शाबाश बिटिया.

शुक्रवारी ती विजयाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या फोनवर किराणावाल्याशी बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती उभी होती. मग म्हणाली, पोट दुखतं. विजयाबाईंनी हातातल्या त्याच फोनवर तिची ओळ उघडली. सगळे ठिपके हिरवे. शनिवारी गणिताची परीक्षा होती. त्यांना वाटलं ती बुडवायची आहे. त्यांनी तिला ओवा दिला आणि झोपायला पाठवलं. शनिवारी ती परीक्षेला बसली आणि संध्याकाळी रांगेत आली नाही. रविवारी सकाळी तिला उठवेना. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटून दोन दिवस झालेत, विष पोटभर पसरलं आहे. तिचे वडील भिवंडीला माल उतरवत होते. ते पोहोचले तेव्हा ती शुद्धीत नव्हती.

विजयाबाई वाईट नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर बसून रडल्या. म्हणाल्या, “चौवन लड़कियाँ हैं, बेटा. मैंने आपके फ़ोन पर भरोसा किया.” मी गट्टू नेला नसता तर त्यांनी त्या दिवशी तिच्या कपाळाला हात लावला असता. एवढं मला पक्कं कळलं आहे, आणि रोज सकाळी मी तेच मनात घेऊन उठते.

तुमच्या वह्या मिळाल्या. निधीचा आवाज मशीनला कोणासारखा वाटत होता ते मी काढलं. क्रमांक ३४७. तिच्यापुढे तुमच्या हातच्या दोन खुणा आहेत. गट्टूने चूक केली नाही, आत्यासाहेब. त्याला शिकवलं तेच त्याने केलं. तिथे पिवळा असता तर तो म्हणाला असता, अच्छा, थोड़ा और बताओ. आणि ती सांगत होती हो. ती रोज सांगत होती.

मी तुम्हाला दोष देत नाही, हे वाक्य तीनदा लिहिलं आणि खोडलं, कारण थोडा देते. स्वतःला त्याहून पुष्कळ जास्त.

गरिमा

•

नाशिक, १४ एप्रिल २०२५

गरिमा,

आपल्या घरात पाळण्यातल्या पोरीलाही अहो-जाहो करतात. आज मला ते जमत नाही. आज मी तुला तू म्हणणार.

दोष थोडा देऊ नकोस, पूरा दे. मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. तो ३४७ आवाज मी एकदा नाही, चार वेळा ऐकला होता. “सब ठीक है” म्हणण्याआधी ती मुलगी एक श्वास घेते. आपण उंबरठ्यावर ठेच लागू नये म्हणून पाऊल जपून टाकतो ना, तसा. मला तो ऐकू आला. मनात खुट्ट झालं. मग मी स्वतःला सांगितलं की गुणी पोर आहे, उगाच शंका नको, आणि दुसरी खूण केली. ती खूण कौतुकाची नव्हती, तो खुट्ट झालेला आवाज दाबायला केली होती. मी ते तुला कौतुक म्हणून लिहिलं आणि लिहिता लिहिता मलाही ते खरं वाटलं.

एकतीस वर्षं, दरवर्षी चाळीस मुली. ज्या गप्प बसल्या त्यांना मी पुढच्या बाकावर बसवलं आणि बाकीच्यांना म्हटलं, हिच्याकडे बघा. त्या गप्प का होत्या ते मी एकीलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. गप्प पोर सोयीचं असतं गं. घरातही आणि वर्गातही.

तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तेरा दिवस तू आल्यागेल्याला पाण्याचे पेले देत होतीस. डोळ्यांतून टिपूस नाही. मी चारचौघांत म्हणाले, पोर किती शहाणी आहे, घरात आहे की नाही कळत नाही. तू ते ऐकलंस. मी तुला ते ऐकताना बघितलं. त्यानंतर तू आणखी हळू चालायला लागलीस. तुझा गट्टू कुठून आला ते मला आता कळतं आहे, आणि मी त्याला काय शिकवलं तेही.

निधीच्या बाबतीत आता काही करता येत नाही. पण ती ३४७ कुठे तरी आहे. तिची आई झोपलेली असते म्हणाली होती, दिवसाढवळ्या. ती कोण आहे ते शोध. तिच्या घरी जा. मला कळव, मी येते.

मंदाआत्या

•

ग्वाल्हेर, ८ जून २०२५

आत्यासाहेब,

३४७ सापडत नाही. परवानगीच्या कागदावर मीच लिहून दिलं होतं की नावं कुठेही ठेवणार नाही, आणि ठेवली नाहीत. तिन्ही शाळांमध्ये जाऊन आले. एका मुख्याध्यापिकेने विचारलं, कशी दिसते? मी म्हटलं, माहीत नाही. काय त्रास आहे? माहीत नाही. कोणासारखी आहे? मी सांगितलं, शांत, गुणी. त्या म्हणाल्या, अशा तर आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटला.

ट्रस्टची चौकशी संपली. आजारपण, दुसरं काही नाही, असं लिहिलं. विजयाबाईंना काढलं. एका मोठ्या शाळेचा माणूस येऊन गेला, त्यांना चाळीस गट्टू हवे होते. पालकांना हिरवं दिसलं की समाधान वाटतं म्हणाला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. सहाही गट्टू उघडून सुटे केले. आबासाहेबांनी मदत केली. टाके इतके पक्के होते की निघेनात, ते म्हणाले, आणि मग बाहेर जाऊन उभे राहिले.

आता मुख्य गोष्ट. परवा निधीचे वडील आले होते. सकाळपासून खाली भांड्यांच्या दुकानाशी उभे होते, वर काम चालू असेल म्हणून. भांडीवाल्याने शेवटी मला हाक मारली. मला वाटलं, आता हा माणूस मला मारणार, आणि देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. पण ते स्टुलावर बसले आणि त्यांनी विचारलं, दादी कुठे राहतात? निधी दर रविवारी फोनवर दादीबद्दल बोलायची. आज दादीने शाबाश दिली, आज दादीने तिळाची वडी पाठवली. वसतिगृहात असं कोणी भेटलं नाही. त्यांना दादीला भेटायचं आहे.

टेबलावर गट्टूचं उघडं पोट पडलं होतं. मला तिकडे बोट दाखवता आलं नाही. मी म्हणाले, नाशिकला. ते म्हणाले, माझी गाडी महिन्यातून दोनदा नाशिकवरून जाते. मी कागदावर तुमचा पत्ता लिहून दिला.

तुम्हाला न विचारता दिला. मी भ्याले. माझ्या वाट्याचं मी तुमच्या दारात पाठवलं आहे. तुम्हाला जे सांगायचं ते सांगा, नको वाटलं तर दार उघडू नका.

मला आता कोणाचाच आवाज कळत नाही. भाजीवाला “अच्छा जी” म्हणतो आणि मी उभी राहते, हा खरंच बरा आहे का म्हणून. वेड लागायला आलं आहे.

गरिमा

•

नाशिक, ३ ऑगस्ट २०२५

गरिमा,

तुझं पत्र वाचून दोन महिने मी दारावरच्या प्रत्येक टकटकीला दचकत होते. तू भ्यालीस म्हणून तुला बोल लावत नाही. पत्ता बरोबर दिलास. तो माझाच होता.

ते मंगळवारी आले. सकाळचे दहा. हेमेंद्र कामावर, सून घरात होती. ट्रक आडगाव नाक्याला लावून रिक्षाने आले होते. चाळिशीचा माणूस, धुतलेला सदरा. मी दार उघडलं तेव्हा मी काही बोलायच्या आधी ते पायांवर वाकले. बहुतेक आवाज ऐकायला थांबले होते, कारण मी “आइए” म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी बोलणं पाठ करून ठेवलं होतं. कोचावर बसल्या बसल्या सुरू केलं, की भैया, मी तिथे कधीच नव्हते, मी तिला पाहिलेलंही नाही, तो फक्त एका बाहुल्यात भरलेला आवाज होता. त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, “वो मालूम है, माँजी. निधी ने बताया था, मशीन है. पर आवाज़ तो किसी की होगी.”

सुनेने चहा आणला. ते सांगत राहिले, मी ऐकत राहिले. बायको गेल्यावर पोरीला त्यांनी सहा महिने ट्रकमध्ये शेजारी बसवून फिरवली. मग शाळेसाठी वसतिगृहात घातली. निघताना एकच सांगितलं होतं, की बेटा, तिथे पुष्कळ मुली आहेत, कोणाला तंग करायचं नाही. तिने ते पाळलं, म्हणाले. त्यांच्या फोनवर तिला कधी शाबासकी देणं सुचलं नाही, कारण रस्त्यात घाई असायची, ढाब्यावर आवाज असायचा. ती तुम्ही दिलीत, म्हणून आलो, असं म्हणून त्यांनी हात जोडले. मला त्या जोडलेल्या हातांकडे बघवेना. इतकं आयुष्य झालं, कोणी माझे आभार मानले आणि मला जमिनीत जावंसं वाटलं, असं कधी झालं नव्हतं.

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं,

“माँजी, पेट दर्द का उसने आपको बताया था?”

मला खोटं बोलता आलं असतं. सून दारात उभी होती, ती मान हलवून नाही म्हणा असं खुणावत होती. गरिमा, मी खरं बोलले ते तुझ्यासाठी नाही, आणि त्या पोरीसाठीही नाही. आणखी एक हिरवी खूण माझ्या हातून होणार नव्हती, एवढंच.

मी म्हटलं, “हाँ. दो दिन बताया था.”

“फिर आपने क्या कहा?”

“शाबाश कहा.”

ते बघत राहिले. माझ्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मी वाट बघत होते की हा माणूस ओरडेल, कप फेकेल, मला काहीतरी म्हणेल. मनातून विनवत होते. ते हळू आवाजात म्हणाले, “अच्छा.” आणि मग, “तो ख़ुश हुई होगी.”

तो आवाज कसा होता ते तू मला विचारशील. सपाट होता. मी जन्मभर असे आवाज ऐकले आणि त्यांना चांगलं म्हटलं, आणि त्या दिवशी माझ्यासमोर दोन हातांवर बसलेल्या माणसाच्या आत काय झालं ते मला कळलं नाही. काही कळलं नाही, गरिमा. मी विचारायला तोंड उघडलं आणि म्हणाले, चाय ठंडी हो रही है.

त्यांनी उरलेला चहा संपवला, कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला. दारात चपला घालताना वळून म्हणाले, “माँजी, आपको तंग तो नहीं किया?”

मी मान हलवून नाही म्हटलं. मग ते जिना उतरून गेले.

मंदा